पुसायला आणलेली डिस्क

आमच्या गल्लीत कुणी पत्ता विचारत आलं की लोक सांगतात, "पुसणाऱ्या बाईचं दुकान ना? घड्याळवाल्याच्या शेजारी." मी फरशी पुसत नाही, भांडी पुसत नाही. मी कॉम्प्युटर पुसते. त्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कवर जे साठलेलं असतं, ते असं घालवते की पुन्हा कुणाच्या बापाला काढता येऊ नये. नांदेडात दुरुस्तीची दुकानं पुष्कळ आहेत, गेलेलं परत आणून देणारेही आहेत. कायमचं घालवून देते म्हणून नाव मात्र माझंच पडलं. सुरुवातीला राग यायचा. आता पाटीवर तेवढं लिहायचं बाकी आहे.

लोकांना वाटतं, बटण दाबलं, फाइल कचऱ्याच्या डब्यात गेली, डबा रिकामा केला, संपलं. संपत नाही. मी मूळची लातूरजवळच्या मुरुडची, शेतकऱ्याची लेक, म्हणून गिऱ्हाइकाला शेतीच्या भाषेतच सांगते. डिलीट करणं म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी करणं. कागदावरचं नाव गेलं, पण वावरात तूर उभीच आहे. ज्याला वाट माहीत आहे, तो जाऊन कापून आणतो. खरं पुसायचं तर सगळ्या वावरावर नांगर फिरवून वेगळं काही पेरावं लागतं. म्हणजे डिस्कच्या प्रत्येक जागेवर निरर्थक आकडे लिहून काढावे लागतात, एकही कोपरा न सोडता. नव्या डिस्कमध्ये फिरती चकती नसते, चिप असते. तिथे वरून लिहून भागत नाही, तिला आतूनच पुसून टाकायचा हुकूम द्यावा लागतो. आणि जी मेलेली आहे, कुठलाच हुकूम ऐकत नाही, तिला मी ड्रिलनं आरपार भोकं पाडते. हे काम मला फार आवडतं.

आत काय आहे ते मी बघत नाही. लोक न विचारताच सांगतात, तो भाग वेगळा. देगलूरचे एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं आणि त्यात सगळ्या भावांची सालटी काढली होती. पुढे भावांशी गोडी झाली, तेव्हा ते पुसायला आणलं. मी विचारलं, "सर, नक्की? एकदा गेलं की मलाही काढता येत नाही." म्हणाले, "नक्की." आठवड्यानं धापा टाकत आले. "अम्मा, वाटणीवरून पुन्हा वाजलं. ते परत काढा." मी हात जोडले. ते तणतणत गेले आणि दीड वर्षानं पुस्तक छापून मला द्यायला आले. म्हणाले, "दुसऱ्यांदा लिहिताना शिव्या कमी झाल्या."

अशी गिऱ्हाइकं सांगून लोकांना हसवता येतं. पण नांदेडात माझी जी चर्चा झाली ती यातल्या कशासाठीही नाही. झाली ती मी एक डिस्क पुसली नाही म्हणून. त्याबद्दल गावभर सगळे बोलले, एक मी सोडून. आता मी बोलते.

त्या मुलीला मनीषा म्हणू या. ती म्हणत होती, "ताई, माझं खरं नाव लिहा, मला काय भ्यायचंय?" वकिलांनी नको म्हटलं. नायगावच्या एका शाळेत शिक्षिका, घरची शेती. एका दुपारी ती कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन आली. गिऱ्हाइक गेल्याची खात्री करून मगच पुढे आली.

"तुम्ही कायमचं पुसता म्हणे?"

"हाव."

"मग मी पुसलेलं परत कसं काय आलं?"

तिनं फोन पुढे धरला. अनोळखी नंबरवरून आलेला एक फोटो आणि खाली दोन ओळी. फोटोवर मी तळवा ठेवला आणि ओळी वाचल्या. "असले सगळे माझ्याकडे हायेत. भेटायला ये, न्हाईतर गावाला दाखवतो."

ते फोटो कसले होते, हे मी इथे लिहिणार नाही. तेव्हाही विचारलं नाही. तिचे होते, तिनं स्वतःपुरते काढले होते, एवढं पुरे. ज्याला त्याहून जास्त जाणून घ्यायचं आहे, त्यानं हा लेख इथेच सोडावा.

लॅपटॉपचा पडदा लुकलुकायला लागला म्हणून तिनं तो नांदेडातल्या एका दुकानात दिला होता. त्याखेरीज तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. देण्याआधी फोटो डिलीट केले होते, डबाही रिकामा केला होता. दुकानदारानं पडदा दुरुस्त केला आणि सोबत, कुणी न सांगता, डिलीट केलेल्या फाइली बाहेर काढून स्वतःच्या डिस्कवर घेतल्या. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण अपील चालू आहे. दयेचा काही संबंध नाही.

"माझीच चूक झाली ना?" मनीषानं विचारलं.

"तू घराला कुलूप लावलं होतंस. त्यानं कौलं काढली. चूक कुणाची?"

ती रडली नाही. लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आता तरी नीट पुसा."

मी तो परत तिच्याकडे सरकवला. "ऐक. हा पुसला तरी त्याच्याकडचे जाणार न्हाईत. आणि त्यानं यातून काय काढलं, कधी काढलं, त्याच्या खुणा यात असतील. तक्रार करायची असंल तर याला आता कुणाचाच हात लागू द्यायचा न्हाई. करायची नसंल तर मी आत्ता पुसते. तू सांग."

तिनं एकदा रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "घरी सांगते. लपवून कुठवर ठेवू?" फोनमधला निरोप पुसू नकोस, एवढं मी बजावलं. तिनं लॅपटॉप उचलला आणि गेली.

दोन दिवसांनी तिचे वडील आणि चुलते तोच लॅपटॉप घेऊन आले. वडील बोटानं टोपीची कड चाचपत बाकावर बसले. चुलते उभेच राहिले. गावातली भांडणं मिटवणारे म्हणून त्यांचं नाव होतं, आणि तसं त्यांनी आल्याआल्या सांगितलंही.

"ताई, हे पुसून टाका. एकदम साफ. पोरीचं लग्न ठरवायलाव आम्ही."

"लॅपटॉप कुणाचा हाय?"

"घरातलाच की."

"घरातला म्हणजे कुणाचा?"

चुलते काही बोलायच्या आत वडील खालमानेनंच म्हणाले, "तिचा हाय. तिच्या पगारातून घेतलाय."

"मग तिनं सांगावं. ती म्हणाली तर आत्ता पुसते."

"तिला काय कळतंय?" चुलत्यांचा आवाज चढला. "तुम्ही बाईमाणूस असून असं बोलायलाव? इज्जतीचा सवाल हाय."

"तिला शाळेत चाळीस पोरं सांभाळता येतात, आणि स्वतःचं कळत न्हाई?"

चुलते पायऱ्या उतरून तरातरा गेले. वडिलांनी लॅपटॉप काखेत धरला, मला नमस्कार केला आणि मागोमाग गेले. वाटेत चुलते म्हणाले, दुसरीकडे पुसून घेऊ. वडिलांनी तो दिला नाही. घरी नेऊन मनीषाच्या हातात ठेवला. हे मला नंतर तिनंच सांगितलं.

मनीषा तक्रार करायला निघाली होती. चुलत्यांनी तिला अडवलं, "आठ दिवस दम धर, मी मिटवतो." आणि मिटवायला ते थेट त्या दुकानदाराकडे गेले. असं मिटवणं मला कधी कळलेलं नाही. चोराच्या घरी जाऊन, बाबा रे, आम्ही ओरडत नाही, तू फक्त परत येऊ नकोस, असं सांगायचं आणि त्याला समझोता म्हणायचं.

एका सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होते. चुलते आले, आणि त्यांच्यासोबत तो. नीटनेटका, हसतमुख, कपाळावर गंध. मी त्याला ओळखून होते, आमचा धंदा एकच. त्यानं पेपरात गुंडाळलेली हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, तुमच्या हाताचं नाव लई मोठं. म्हटलं, पोरीच्या घरच्यांचं समाधान व्हायला पाहिजे. त्यांच्या डोळ्यादेखत तुम्हीच पुसून द्या."

चुलत्यांच्या चेहऱ्यावर मोठं भांडण मिटवल्याचं समाधान होतं. "झालं, ताई. तो पुसून घेतो, आपण तक्रार करायची न्हाई. विषय संपला."

खरं सांगते, माझे हात शिवशिवले. आयुष्यभर केलेलं काम समोर ठेवलेलं होतं. वायर जोडायची, हुकूम द्यायचा, संध्याकाळपर्यंत तिथे काही उरलं नसतं. मनीषा त्या रात्री झोपली असती. मग माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो खुर्ची ओढून ऐटीत बसला होता, भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. मला कळलं, हा फोटो पुसायला आलेला नाही. हा स्वतःला पुसून घ्यायला आला आहे. फोटो जातील, सोबत यानं काय केलं तेही जाईल. शिवाय दुसरी प्रत याच्याकडे नाही, याची हमी कोण देणार? हा हसत घरी जाणार आणि ती पोरगी जन्मभर गप्प बसणार. आणि त्यासाठी याला माझाच हात पाहिजे होता.

"जिचे फोटो, तिच्या शब्दाशिवाय मी हात लावणार न्हाई," मी म्हणाले आणि दोघांसमोरच मनीषाला फोन लावला. "तुझे काका आलेत. सोबत तो हाय. त्याची डिस्क माझ्या टेबलावर हाय. पुसून विषय संपवायचा म्हणतात."

पलीकडे वर्गातली पोरं पाढे म्हणत होती. मग तिचा आवाज आला. "मी निघते. तोवर काही करू नका."

चुलते म्हणाले, "येऊ द्या की. ती हो म्हणंल. मी समजावून ठिवलंय." तोही म्हणाला, तिच्या तोंडून ऐकलेलंच बरं, पुढं कटकट नको. दोघांना इतका भरवसा होता. नायगावची एसटी येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो. चुलत्यांनी मला सोयाबीनवरच्या रोगाची माहिती दिली. तो माझ्या ड्रिल मशीनची चौकशी करत होता. डिस्क मधोमध होती आणि माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती.

मनीषा आली. मागं वडील होते. ती दारातून आत आली, चुलत्यांकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. तो पहिल्यांदा खुर्चीत हलला.

"पुसू नका, ताई."

"मनीषा!" चुलते ओरडले. "समाजात तोंड दाखवायचंय आपल्याला!"

"काका, तोंड माझं हाय. मी दाखवते."

दुकानदारानं डिस्कवर झडप घातली. मी आधीच डिस्क उचलून पोटाशी धरली होती. त्यानं माझं मनगट पिरगाळलं, बांगड्या फुटल्या, टेबलावरचा मॉनिटर आडवा झाला. मी सोडलं नाही. पन्नाशी उलटलेली बाई किती घट्ट धरू शकते, याचा त्याला अंदाज नव्हता. मलाही नव्हता. आवाज ऐकून शेजारचे घड्याळवाले रशीदभाई दारात आले.

"क्या हो रा आपा इधर?"

"दारातून हलू नका, भाई!"

रशीदभाईंनी काही विचारलं नाही. अंगानं थोराड माणूस, दार भरून उभे राहिले. त्यानं मला सोडलं आणि दाराकडे धावला. तेवढ्यात मनीषाचे वडील पुढे झाले आणि रशीदभाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ते तिथून हलले नाहीत. मनीषानं माझ्या टेबलापाशी उभं राहून पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगताना तिचा आवाज जराही कापला नाही.

पोलिस आले, पंचनामा झाला, डिस्क मोहोरबंद झाली. माझ्या मनगटाचीही नोंद झाली. चुलते जाताना मला म्हणाले, "तुम्ही आमचं घर उघड्यावर आणलं." मी फुटलेल्या बांगड्या झाडत होते.

पुढचे महिने वाईट गेले. आमच्या धंद्यातल्या लोकांची बैठक झाली आणि मला बोलावलं. जुने, ओळखीचे चेहरे. त्यांतले काही माझ्या लेकीच्या लग्नात वाढायला होते. एकजण म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकानं इमानानं दिलेली वस्तू तुम्ही पोलिसांच्या हवाली केली. उद्या आपल्यावर भरवसा कोण ठेवील?"

"त्याच्या दुकानात मनीषानंही इमानानंच वस्तू दिली होती," मी म्हणाले. "तेव्हा ही बैठक कामून बोलावली न्हाई?"

माझ्या बाजूनं एकही जण उभा राहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून येणारं काम बंद झालं.

लातूरच्या एका मोठ्या क्लासचं काम दर उन्हाळ्यात माझ्याकडे असायचं. जुने कॉम्प्युटर विकण्याआधी पोरांची नावं, मार्क, फोटो पुसून द्यायचे. त्या उन्हाळ्यात फोन आला नाही म्हणून मीच गेले. व्यवस्थापक चांगला माणूस होता, अवघडून बोलला. "ताई, आमच्याकडे मुलींचं होस्टेल आहे. तुमचं नाव असल्या प्रकरणात आलंय. पालक विचारतात."

"मुलींचं होस्टेल हाय म्हणूनच मला बोलवायला पाहिजे तुम्ही. दुसरा कुणी ते कॉम्प्युटर नेऊन काय करंल, हे कळलंय ना आता?"

तो मान हलवत राहिला. काम दिलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि पहिल्यांदा रडले. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कुणी गेलं का?" मी म्हणाले, "न्हाई बाबा. सगळे हायेत."

घरी मिस्टरांनी विचारलं, "दुकान बंद करायची पाळी आली तर?" मी म्हणाले, "तर बंद करू. पण मी माफी मागायला जाणार न्हाई." ते म्हणाले, "मी कुठं जा म्हणतोय?" आणि भाकरी मोडली.

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं, आणि वाटत राहील. माझा सगळा धंदा, कुणाचं काही कुणी बघू नये, यासाठी आहे. आणि इथे तेच फोटो तपासात बघितले गेले. मनीषाला एका खोलीत बसून, हे माझेच, असं सांगावं लागलं. बाहेरच्या बाकावर मी होते. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हणाले, "पुसलं असतं तर तुला हे भोगावं लागलं नसतं."

ती म्हणाली, "ताई, त्या डिस्कवर मी एकटी न्हाई. आत सांगितलं मला. अजून बायका हायेत. काही तर शाळकरी पोरी."

मी तिचा हात धरला. त्या डिस्कवर नांगर फिरवायला मी किती जवळ आले होते, ते मला तेव्हा कळलं. त्या पोरींना कुणी काही विचारलंही नसतं.

खटला उभा राहिला. मनीषाचे वडील प्रत्येक तारखेला आले. येताना घरून भाकरी-पिठलं आणायचे, तिला आणि मला कोर्टाच्या आवारात खाऊ घालायचे. चुलते एकदाही आले नाहीत. माझी साक्ष झाली तेव्हा त्याच्या वकिलांनी, ते त्यांचं कामच होतं, मला विचारलं, "बाई, लोकांची गुपितं पुसणं हा तुमचा व्यवसाय. माझ्या अशिलानं त्याच कामासाठी डिस्क आणली. मग त्या दिवशीच तुम्ही तुमचा व्यवसाय कसा काय विसरलात?"

मी म्हणाले, "विसरले न्हाई साहेब. गुपित तिचं होतं, पुसायला हा आला होता. चोरीचा माल धुऊन द्यायचं काम मी करत न्हाई."

निकाल लागला, त्याला शिक्षा झाली. अपील चालू आहे, ते चालेल तितकं चालो. बैठकीतले काही लोक आता काम पाठवतात, न बोलता. लातूरचा क्लास अजून आलेला नाही. पण बायका येतात. उदगीरहून येतात, निलंग्याहून येतात, कुणी लेकीला घेऊन, कुणी सासूला न सांगता. त्या विचारतात, आणि मी सांगते: पुसायचं की पुरावा म्हणून ठेवायचं, हे तू ठरव. तुझा नवरा नाही, चुलता नाही, मीही नाही. हे ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी गावात दुसरी दुकानं आहेत.

निकालाच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. शाळेनं मनीषाला दुसऱ्या गावच्या शाखेत जायला सुचवलं होतं, तुझ्याच भल्यासाठी म्हणून. तिनं नकार दिला होता. गावात लोक अजून कुजबुजत होते. खाली आल्यावर तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा. लोकांच्या डोक्यातून हे कधी जाईल का?"

तिला खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं. "न्हाई. तिथवर माझा हात पोचत न्हाई."

तिनं खांद्यावरची पर्स नीट केली. "राहू द्या मग. बोलतील ते, बोलू द्या," ती म्हणाली. "बाबा, चला लवकर. उद्या सहावीची चाचणी हाय, अजून पेपर काढायचेत."

आणि नायगावची गाडी गाठायला ती पुढे निघाली. वडील मोकळा डबा हातात घेऊन मागोमाग, जवळजवळ पळतच.